ऊर्जा सल्लागाराचं प्रमाणपत्र कसं मिळवायचं? प्रत्यक्ष मोजमाप करावंच लागतं, की वीजबिलं आणि उपकरणांच्या यादीवरून अहवाल देता येतो?

प्रमाणपत्राचं आधी सांगून टाकतो. आपल्याकडे ते ऊर्जा दक्षता ब्युरोच्या, म्हणजे बीईईच्या राष्ट्रीय परीक्षेतून मिळतं. तीन पेपर काढले की ऊर्जा व्यवस्थापक, चौथाही काढला की ऊर्जा लेखापरीक्षक. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर तीन वर्षांचा आणि डिप्लोमा असेल तर सहा वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. बीईईची चार जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ती वाचा आणि गणितं हाताने सोडवा. आठवड्याभरात सल्लागार बनवून देणाऱ्या क्लासवाल्यांना एक पैसा देऊ नका.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय. यादीवरून अहवाल देता येतो का? येतो. असे अहवाल सर्रास निघतात आणि कपाटात पडून राहतात.

मी सुरुवातीला ज्या सल्लागार कंपनीत होतो तिथे अहवाल आधी तयार असायचा आणि साइट नंतर बघितली जायची. एलईडी लावा, पंप बदला, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवा, कपॅसिटर वाढवा. ग्राहकाचं नाव तेवढं बदलायचं. एका रुग्णालयाचं काम आलं, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी गाडीतच सांगितलं होतं की सेंट्रल एसीचे पंप जुने आहेत, नवीन सुचवायचे. मी म्हटलं, सर, निदान रीडिंग तरी घेऊ द्या. कपाळाला आठ्या घालून का होईना, घेऊ दिली.

थंड पाण्याच्या लाइनवर प्रवाह मोजणं हे कष्टाचं काम आहे. पाइपवरचं इन्सुलेशन कापायचं, रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करायचं, जेल लावून अल्ट्रासॉनिक मीटरचे दोन्ही सेन्सर पट्ट्याने आवळायचे. थंडगार पाइपवर दव धरतं, जेल घसरतं, आकडा नाचायला लागतो. पुसायचं, पुन्हा लावायचं. एवढं करून हाती काय आलं? दोन पंप चालू होते, तिसरा स्टँडबाय. पंपाच्या व्हॉल्व्हच्या आधी गेजवर दर चौरस सेंटिमीटरला 3.8 किलो दाब आणि व्हॉल्व्हनंतर 2.3. म्हणजे पंप जीव तोडून जे हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) तयार करत होता त्यातलं जवळजवळ 15 मीटर अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह खात होता. चिलरमधून, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रातून, पाणी 7 अंशांवर निघत होतं आणि 9.5 ला परत येत होतं. डिझाइन 5 अंशांच्या फरकाचं. इमारतीला हवं त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी उगाच फिरत होतं. यातलं एक अक्षरही पंपाच्या नेमप्लेटवर लिहिलेलं नसतं.

मेंटेनन्सचे सुपरवायझर जाणकार गृहस्थ होते. त्यांना बरोबर घेऊन एक पंप बंद करून बघितला. असं करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकटा पंप चालला की तो जास्त पाणी फेकतो आणि मोटरचे अँपिअर चढतात, म्हणून क्लॅम्प मीटर लावून पॅनेलपाशी उभं राहायचं. शिवाय चिलरला त्याचा किमान प्रवाह मिळतोय ना, ते बघायचं. दोन्ही ठीक होतं. परतीचं पाणी 11 च्या आसपास जाऊन स्थिरावलं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, सगळ्यात लांबच्या एएचयूचं (थंड हवा सोडणाऱ्या युनिटचं) तापमान तसूभरही हललं नाही. बंद केलेला पंप 18 किलोवॅट खात होता. चोवीस तासांचे 432 युनिट. चालू पंपाने जास्तीचे खाल्लेले थोडे त्यातून वजा करा, उरलेली सगळी बचत, आणि खर्च शून्य. ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी दुसरा पंप लागणार हे उघड होतं, म्हणून परतीचं पाणी किती अंशांवर गेलं की तो चालू करायचा, तेही लिहून दिलं.

वरिष्ठांनी ते पान काढून टाकलं. ग्राहकाने काही विकतच घेतलं नाही तर आपल्या अहवालाला किंमत काय, असं म्हणाले. कंपनीकडे पंपांची एजन्सी होती हे वेगळं सांगायला नको. मी तेव्हाही तोंडावर बोललो होतो आणि आजही तेच म्हणतो: जो माल विकतो त्याने सल्ला देऊ नये. डॉक्टरला औषध कंपनीचं कमिशन मिळत असलं तर आपण चिडतो ना? मग इथे का चालवून घ्यायचं? त्या सुपरवायझरांनी मात्र तो एक पंप बंदच ठेवला, कारण त्यांनी गेज स्वतः वाचलं होतं.

घरगुती कामांचं म्हणाल तर निव्वळ त्यावर पोट भरणं कठीण आहे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा 28 ते 35. एसी 24 वर ठेवा, जे 2020 पासून नव्या एसींमध्ये कंपनीतूनच सेट होऊन येतं. एवढं सांगायला प्रमाणपत्र लागत नाही आणि लोक त्याचे पैसेही देत नाहीत. सोसायट्यांचे पाण्याचे पंप, ऑफिसं, हॉटेलं, रुग्णालयं इथे खरं काम आहे.

हो, एक राहिलं. दिवे-पंख्यांसारख्या ठरावीक लोडला यादीवरचा हिशोब पुरतो, तिथे मीटर घेऊन फिरत बसू नका. आणि ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ज्या मोठ्या उद्योगांना ऑडिट सक्तीचं आहे, त्यांचं काम नुसत्या प्रमाणित लेखापरीक्षकाला करता येत नाही. त्यासाठी पुढे बीईईची अॅक्रेडिटेशन घ्यावी लागते आणि त्या मान्यतेसाठी प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो. तो अनुभव कुठे घेताय याला म्हणूनच महत्त्व आहे. कुठल्याही सल्लागार कंपनीत मुलाखतीला गेलात तर त्यांना दोनच गोष्टी विचारा. तुमच्याकडे स्वतःचा फ्लो मीटर आणि पॉवर अॅनालायझर आहे का? आणि तुम्ही कुठल्या मालाची एजन्सी चालवता का? पहिल्याला नाही किंवा दुसऱ्याला हो असं उत्तर आलं, तर दुसरी नोकरी बघा.