मेंदूच्या दुखापतीनंतरच्या रिहॅबचा क्लेम नाकारला, आता पुढे काय?

प्रश्न: मी मिरजेत राहते. फेब्रुवारीत मागून आलेल्या टेम्पोने माझ्या यजमानांच्या (वय ४१) दुचाकीला धडक दिली आणि त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशन आणि आयसीयूचं २४ दिवसांचं बिल कंपनीने कॅशलेस दिलं. त्यानंतर गळ्याला नळी, नाकातल्या नळीतून अन्न आणि उजवी बाजू लुळी अशा अवस्थेत डॉक्टरांनी त्यांना पुण्याच्या न्यूरो-रिहॅब सेंटरमध्ये पाठवलं. तिथे ४६ दिवसांचं ४ लाख १२ हजार बिल झालं. कंपनीने तो क्लेम नाकारला. पत्रात ‘एक्सक्लुजन ०५: रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर’ आणि ‘सेंटर हॉस्पिटलच्या व्याख्येत बसत नाही’ अशी दोन कारणं आहेत. पॉलिसी यजमानांच्या नावावर आहे, ते सही करू शकत नाहीत. एजंट म्हणतात, आता काही होणार नाही.

उत्तर: ताई, होऊ शकतं. पॉलिसीची पुस्तिका काढा आणि एक्सक्लुजन ०५ (म्हणजे काय मिळणार नाही ते सांगणारं अपवादाचं कलम) शीर्षकाच्या खाली उतरून वाचा. शीर्षकात ‘रिहॅबिलिटेशन’ हा शब्द आहे, हे खरं. पण खालच्या मजकुरात वगळलं आहे ते मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी, उपचारासाठी नव्हे, असं दाखल होणं. त्यातच दोन गोष्टी धरल्या आहेत: अंघोळ, कपडे, हालचाल यांत मदत करणारी कस्टोडियल केअर, आणि शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठीच्या सेवा. मेंदूच्या दुखापतीवरचे उपचार त्यात कुठेही नाहीत. हे शब्द इर्डाने (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने) सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे ‘आमच्या पॉलिसीत वेगळा अर्थ आहे’ असं कंपनीला म्हणता येत नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर असते आणि मजकूर संदिग्ध असेल तर अर्थ विमेदाराच्या बाजूने लावायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी वारंवार सांगितल्या आहेत. शिवाय नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे आणता येत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा गलाडा पॉवर खटल्यातला निकाल, २०१६). म्हणून ते पत्र आणि त्याचं पाकीट जपून ठेवा.

दुसरं कारण ‘हॉस्पिटल नाही’ हे. व्याख्येचे दोन पर्याय आहेत आणि त्यांच्यामध्ये ‘किंवा’ आहे. एक तर संस्था कायद्याखाली हॉस्पिटल म्हणून नोंदलेली हवी, किंवा तिने किमान निकष पूर्ण करायला हवेत: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात १५ खाटा, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. रिहॅब सेंटर बहुतेकदा ऑपरेशन थिएटरवर अडकतं. पण महाराष्ट्राच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र असेल तर पहिला पर्याय पूर्ण होतो. सेंटरकडून त्या काळात वैध असलेल्या प्रमाणपत्राची प्रत आजच मागा. ते नसेल आणि निकषही पुरे होत नसतील, तर मुख्य मागणी कमकुवत होते, हे आधीच कळलेलं बरं.

आता पुरावा. असे क्लेम बहुतेकदा इथेच अडकतात. पहिल्या हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर ‘स्टेबल, रिहॅबसाठी पाठवलं’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कंपनी त्यालाच धरून बसते. न्यूरोसर्जनकडून एक पानाचं पत्र घ्या. रुग्ण घरी का नेता आला नसता, हे त्यात स्पष्ट हवं: ट्रॅकिऑस्टॉमीचं (गळ्यातल्या नळीचं) सक्शन, म्हणजे कफ ओढून काढणं, दिवसरात्र किती वेळा लागत होतं, गिळताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका किती, फिट येण्याची शक्यता, उभं करताना रक्तदाब पडत होता का. ‘रिहॅबची गरज होती’ हे वाक्य उपयोगाचं नाही. ‘अंतर्रुग्ण म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली उपचार आवश्यक होते, कारण...’ असं हवं.

सेंटरकडून रोजचे डॉक्टरांचे शेरे, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट आणि थेरपीच्या नोंदी घ्या. दाखल होतानाचा आणि घरी सोडतानाचा बार्थेल इंडेक्स (रोजची कामं रुग्ण स्वतः किती करू शकतो याचे गुण) मागा. नळी कोणत्या दिवशी काढली, तोंडाने अन्न कधी सुरू झालं, या तारखा उपचार चालू होते हे दाखवतात. बिल ‘पॅकेज, प्रतिदिन’ असं एका ओळीत असेल तर तोडून मागा: खाट, डॉक्टर, नर्सिंग, फिजिओ, स्पीच थेरपी, औषधं. अटेंडंट, डायपर, खासगी नर्स हे मागणीतून स्वतःच वगळा. ते मिळणार नाहीत, आणि ते तिथे राहिले तर सगळं बिल ‘सांभाळण्याचं’ वाटतं.

एक पर्यायी मागणीही त्याच अर्जात लिहा. पॉलिसीत ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’ खर्च किती दिवस आहे ते बघा, बहुधा ६० किंवा ९० दिवस. पहिला क्लेम मंजूर झालेला आहे आणि आजार तोच. त्यामुळे सेंटरमधलं राहणं मान्य नसेल तरी त्या मुदतीतल्या थेरपी आणि औषधांचा खर्च तरी द्या, असं म्हणा.

क्रम असा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज, सोबत इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार (टोल-फ्री १५५२५५). टीपीएला (कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेला) नकार देण्याचा अधिकार नाही, तो फक्त कंपनीला आहे, तेव्हा पत्रावर सही कोणाची आहे ते पाहा. २०२४ च्या इर्डा परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मान्यतेशिवाय नकार देता येत नाही. ती मान्यता दाखवा, असं अर्जात मागा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जा. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये दंड आहे. तिथे हरलात तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मात्र नकाराच्या तारखेपासून दोन वर्षं मोजा. कंपनीशी पत्रव्यवहार चालू असल्याने ही मुदत थांबत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज करू नका, लोकपाल तो घेणार नाहीत.

सहीबद्दल: लोकपाल नियमांत नॉमिनीलाही तक्रार करता येते. तुम्ही नॉमिनी असाल तर पॉलिसीचं ते पान आणि यजमानांच्या अवस्थेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. पुढे यजमानांच्या सहीवरून बँक अडून बसली, तर उच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली पत्नीला पालक नेमू शकतं. पण ते गरज पडली तरच.

आणि टेम्पोचा विषय सोडू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्जाची कायद्यातली मुदत सहा महिने आहे. अपघात फेब्रुवारीतला, म्हणजे ऑगस्ट. मेडिक्लेमने न दिलेला अटेंडंटचा आणि पुढच्या अनेक वर्षांच्या थेरपीचा खर्च तिथे मागता येतो. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून ती भरपाई कमी होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. एफआयआरची प्रत, एमएलसी (हॉस्पिटलने केलेली पोलीस केसची नोंद) नंबर आणि टेम्पोच्या विम्याचे तपशील पोलीस ठाण्यातून या आठवड्यात घ्या.