हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींचे फोटो दाखवून सामान्य लोकांना खगोलशास्त्र कसं शिकवावं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपुरातल्या एका वस्तीत वाचनालय चालवतात. प्रोजेक्टर आहे, दुर्बीण नाही, आणि समोर बसणार शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

मी इथेच हौशीनं आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतो, त्यामुळे सरळ सांगतो: पन्नास फोटोंचा स्लाइड शो अजिबात करू नका. दहाव्या फोटोनंतर लोक ‘वा’ म्हणणं सोडतात आणि मोबाइल काढतात. एका संध्याकाळी एकच पिंड घ्या, आणि तोही असा, की गच्चीवर जाऊन त्याच्याकडे बोट दाखवता येईल.

हिवाळ्यात माझी निवड ठरलेली असते, मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा प्रचंड ढग. जानेवारीच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास मृग दक्षिणेला चांगला वर आलेला असतो. बाणाचे तीन तारे कोणालाही सापडतात. त्यांच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक लहानशी रांग लोंबते. तिच्यातला मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार नसून जरा पुसट दिसतो. कोणाकडून तरी बायनॉक्युलर मागून आणा, म्हणजे शहराच्या उजेडातही तो धुरकट डाग ओळखू येतो. आधी हा डाग दाखवा, मग खाली येऊन प्रोजेक्टर लावा. उलट क्रमानं केलंत तर लोकांना आकाश फिकं वाटतं.

अंतर सांगताना नुसतं ‘1,350 प्रकाशवर्षं’ म्हटलं तर कोणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. मी नगरधनचं, म्हणजे वाकाटक राजांच्या जुन्या राजधानीचं नाव घेतो. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा रामटेकजवळच्या वाकाटकांचं राज्य संपून दीड-दोनशे वर्षं झाली होती. रामटेक सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे आकड्याला एकदम वजन येतं.

आता शोधांकडे वळा. हबलनं 1990 च्या दशकात याच मेघात नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या टिपल्या, म्हणजे ग्रहमाला घडण्याचा कच्चा माल. 2023 मध्ये वेबच्या फोटोंत तिथेच गुरूएवढ्या वस्तुमानाच्या पिंडांच्या जोड्या आढळल्याचं जाहीर झालं. कोणत्याही ताऱ्याभोवती न फिरणाऱ्या, सुमारे चाळीस. त्या खरंच तशा आहेत का, की मागचे दूरचे तारे फसवताहेत, यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. हा वाद झाकू नका. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावर थांबणाऱ्या कार्यक्रमात लोक माना डोलावतात. वाद सांगितला की प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न रंगांचाच येणार. एका काकांनी मला विचारलं होतं, ‘काऊन जी, हे रंग खरे आहेत का मेकअप?’ खिशातून टीव्हीचा रिमोट काढा. बटण दाबा, पुढचा छोटा दिवा डोळ्यांना विझलेलाच दिसतो. तोच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहा, जांभळट पांढरा लुकलुकतो. (मागच्या कॅमेऱ्यात बहुधा गाळणी असते, म्हणून सेल्फीचाच वापरा.) वेब पाहते ते मुख्यतः हेच अवरक्त किरण. डोळ्यांना ते दिसत नाहीत म्हणून सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत आखूडला निळा, असे क्रमानं रंग दिले जातात. काळी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये गायलं तरी चाल तीच राहते, तसंच हे. काकांना पटलं, कारण ते भजनी मंडळात पेटी वाजवतात.

अवरक्त समजावायला नागपूरइतकं सोयीचं गाव नाही. मे महिन्यात रात्री अकरालाही पश्चिमेच्या भिंतीजवळ उभं राहिलं की गालाला झळ लागते. त्या झळेत अवरक्त किरणच असतात. दुर्बीणच गरम असती तर तिला स्वतःच्या झळेपुढे दुसरं काही दिसलं नसतं. म्हणून तर वेब पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, पाच पदरी सूर्यछत्रीच्या सावलीत ठेवली आहे आणि तिचा 6.5 मीटरचा आरसा उणे 220 ते 240 अंश सेल्सिअसवर असतो. एवढा खटाटोप कशासाठी? धुळीच्या आड लपलेलं पाहता यावं म्हणून, आणि फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून अवरक्तात गेलेला असतो म्हणून.

खरं तर माझ्या मते वेबचे सर्वांत मोलाचे काही शोध फोटोत नाहीतच, वर्णपटात आहेत. त्यासाठी जुनी सीडी पुरते. तिच्यावर पिवळ्या बल्बचं प्रतिबिंब पाडलं की रंगांचा सलग पट्टा दिसतो. सीएफएलचं पाडलं की वेगवेगळे रंगीत तुकडे. दिव्यात काय आहे ते दिवा न फोडता कळलं. आपल्या गांधीसागराजवळ ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र आहे, त्या रामन यांना 1930 चं नोबेल मिळालं तेही विखुरलेला प्रकाश असाच वाचल्याबद्दल. मग ‘वास्प-39बी’ची गोष्ट सांगा. कन्या राशीत सुमारे 700 प्रकाशवर्षांवर हा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो, आणि 4.3 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास तो कमी पडतो. तिथे कार्बन डायऑक्साइड शोषतो. वेबच्या चमूनं हे ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर केलं. ग्रहाचा फोटो नाही, एक वाकडी रेघ आहे फक्त. तीच पडद्यावर लावा आणि पोरांना उंचवटा शोधू द्या (रेघ किती प्रकाश अडला ते दाखवते, म्हणून प्रकाश कमी पडतो तिथे ती वर जाते).

‘हे सगळं अमेरिकेचं’ असं कोणी म्हटलं तर पुण्याची अलकनंदा दाखवा. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या निरीक्षणांत ही सर्पिल दीर्घिका सापडली. बातमी नोव्हेंबर 2025 ची. विश्वाचं वय जेमतेम दीडशे कोटी वर्षं असताना इतके नीटस हात तयार झालेले असतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

तारीख अमावास्येच्या आसपासची धरा. कोजागिरीला लोक आयते गच्चीवर असतात खरे, पण त्या उजेडात तेजोमेघ विसरा. आणि चंद्रावरची विवरंही पौर्णिमेपेक्षा अष्टमीला जास्त उठून दिसतात. लोकांना गोडी लागली तर पुढे पेंचला न्या. पेंच व्याघ्र प्रकल्प 2024 मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथे बायनॉक्युलरशिवायही मृगातला डाग दिसतो.

साडेसातीचा प्रश्न येईलच. टाळू नका, चिडूही नका. वेबनं जून 2023 मध्ये टिपलेला शनी लावा: गोळा काळवंडलेला, कडी मात्र लखलखीत. का, ते त्यांनाच विचारा. हा फोटो ज्या अवरक्त तरंगलांबीत घेतलाय, तिचा जवळपास सगळा सूर्यप्रकाश शनीच्या हवेतला मिथेन गिळतो आणि कड्यांचं बर्फ तो परत फेकतं, इथपर्यंत सीडी हाताळलेली पोरं थोड्याशा मदतीनं येतात.