फोनवरच्या संथेला बसण्याआधी

अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या संथेला, म्हणजे सांगतील तसं मागे म्हणून पाठ करायला, बसणार आहेस, तेही फोनवरून, हे कळलं. व्हिडिओ नाही, पडद्यावर श्लोक नाही, म्हणून हा प्रकार तुला जुनाट वाटतोय हेही कळलं. वाटू दे. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजी आणि डेटा न चालणाऱ्या गावातले काका अशा वर्गात बसू शकतात, आणि संथेला डोळ्यापेक्षा कान जास्त लागतो. पण फोनवरचा वर्ग हा समोरासमोरच्या वर्गाचा गरीब भाऊ नाही, त्याची रीतच वेगळी आहे. ती ठाऊक नसलेला एक माणूस बाकी अकराजणांचा तास घालवू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाक: फोनवर सगळ्यांनी मिळून म्हणायचं नसतं. नवीन माणूस हे हमखास करतो. शिकवणाऱ्या ताई म्हणायला लागल्या की हाही भक्तिभावाने सुरू होतो, आणि वर्गात गोंगाट. कारण साधं आहे. एका खोलीत आवाजाला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाच मीटरवर बसलेल्याचा सूर 15 मिलिसेकंदांत पोचतो आणि सगळे एका तालात राहतात. फोनवर तुझा आवाज टॉवर, एक्स्चेंज, कॉन्फरन्सचा ब्रिज (सगळ्यांचे कॉल एकत्र जोडणारी यंत्रणा) आणि परत टॉवर असा फिरून जातो. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलण्यात तो फारसा जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. दोन मोबाईल आणि मध्ये ब्रिज असेल तर पाव सेकंद सहज होतो. म्हणजे ताईंचं अक्षर तुझ्याकडे यायला पाव आणि तुझं परत जायला पाव. या अध्यायातले बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदातले, आणि अनुष्टुभाचा श्लोक 32 अक्षरांचा. संथेच्या गतीने तो 14 सेकंदांत म्हटला तर एका अक्षराला अर्धा सेकंदही येत नाही. तू कितीही तालात म्हण, ताईंच्या कानात तू एक अक्षर मागेच असणार. बाराजणांचे बारा वेगळे उशीर एकत्र आले की काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून रीत अशी: ताई चरण, म्हणजे श्लोकाचा चौथा भाग, सांगतात, ज्याचा नंबर असेल तो एकटा म्हणतो, आणि बाकीचे म्यूट करून आपापल्या घरी खणखणीत म्हणतात. म्यूट म्हणजे गप्प बसणं नव्हे. म्यूटवर असताना न म्हणणारा माणूस 40 मिनिटांच्या तासात जेमतेम दोन मिनिटं म्हणतो, आणि महिन्याभराने पाठ होत नाही अशी तक्रार करतो.

आता म्यूटचंच बोलू, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. म्यूट दोन असतात. एक तुझ्या फोनच्या पडद्यावरचं, दुसरं ब्रिजचं. ब्रिजचं बहुतेक सेवांमध्ये स्टार सहा (*6) दाबून लागतं आणि तसंच निघतं. ताईंनी तिकडून सगळ्यांना एकदम म्यूट केलं असेल, तर पडद्यावरचं बटण कितीही दाबलंस तरी तुझा आवाज जाणार नाही. मग माणूस पूर्ण श्लोक म्हणून मोकळा होतो आणि पलीकडून ताई विचारत असतात, “आहात ना लाइनवर?” पहिल्याच दिवशी विचारून घे की वर्गात कुठलं म्यूट चालतं, आणि तेवढं एकच वापर. दोन्ही लावलीस की कुठलं लागलंय आणि कुठलं निघालंय हे नंबर आल्यावर आठवत नाही.

इअरफोन लावून बसल्यावर पडदा बंद होतो. नंबर आला की आधी पडदा जागा करा, मग कुलूप उघडा, मग कॉलवर या, मग म्यूट शोधा: यात दहा सेकंद जातात. पडदा बंद होण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवून 10 मिनिटांवर ठेव. *6 वापरणार असशील तर कॉल चालू असताना कीपॅड उघडाच ठेव. क्षुल्लक वाटतं, पण हिशेब कर. एका श्लोकाला 15 सेकंद, दुरुस्तीला 10, नंबर हातातून हातात जायला 5: माणशी अर्धा मिनिट. बाराजणांची फेरी सहा मिनिटांत होते. तेच प्रत्येकाने बटण शोधायला आणखी 15 सेकंद घेतले तर फेरी नऊ मिनिटांची होते, आणि तासाला तीन फेऱ्या घेणाऱ्या ताई दोनवर येतात.

वर्गाचा नंबर आणि कोड मिळेल तो असा साठव: आधी फोन नंबर, मग दोन स्वल्पविराम, मग कोड, शेवटी हॅश. प्रत्येक स्वल्पविरामाला फोन साधारण दोन सेकंद थांबतो आणि कोड आपोआप दाबतो. ब्रिज उचलायला वेळ लावत असेल तर तिसरा स्वल्पविराम घाल. कॉल तुटला तर एका बोटाने परत येता येतं. परत आल्यावर “माझा कॉल कट झाला होता” असं सांगू नकोस. कोणाचा तरी श्लोक चालू असतो.

कॉल वेटिंग मात्र वर्गाआधी बंदच कर, हे आवर्जून सांगतोय. वर्ग चालू असताना तुला दुसरा फोन आला आणि तू तो उचललास, तर वर्गाचा कॉल होल्डवर जातो. ब्रिजला ते कळत नाही. मग तुझ्या कंपनीची बाई सगळ्या वर्गाला ऐकवत राहते, की आपला कॉल होल्डवर ठेवला आहे, कृपया लाइनवर राहा. तू तिकडे दूधवाल्याशी बोलत असतोस किंवा असतेस, आणि इकडे बाराजण मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींतून तेच ऐकत असतात. तुला सांगणार कसं? तू तर ऐकतच नाहीस. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल वेटिंग सापडतं. बऱ्याच सिमवर #43# लावलं की बंद आणि *43# लावलं की परत चालू होतं. नुसतं सायलेंट करून भागत नाही, कॉल येतोच.

दुसरा मोठा त्रास घुमण्याचा. स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने परत ऐकू आला की माणूस घाबरून आपला फोन बघतो. उलट आहे. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो तो निर्दोष. कुणीतरी तिसऱ्याने स्पीकर मोठा ठेवलाय, त्यातून निघालेला तुझा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय आणि तुझ्याकडे परत येतोय. ज्याच्यामुळे हे होतंय त्याला त्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो, म्हणून तो शपथेवर सांगतो की माझ्याकडे काही नाही. शोधायची पद्धत एकच: एकेकाने म्यूट करत जायचं, घुमणं थांबलं तिथे बोट ठेवायचं. तू स्पीकरवर बसूच नकोस. वायरचा साधा इअरफोन सगळ्यात बरा. ब्लूटूथचा उशीर वेगळा आणि चार्जिंगची काळजी वेगळी. वायरचा माइक कॉलरला घासला की वर्गाला खरखर ऐकू येते, तेव्हा तो कापडापासून बोटभर लांब राहील असा चिमट्याने अडकव. आणि हो, तानपुऱ्याचं ॲप लावायचा मोह होईल. फोन एकसुरी आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबतो. तानपुरा तर ऐकू जात नाहीच, वर तुझा लांबवलेला स्वरही मधूनच खाल्ला जातो.

हीच दाबादाबी पहिल्या अक्षराच्या मुळावर येते. शांततेनंतर कोणी बोलायला लागलं की यंत्रणेला ते बोलणं आहे हे ओळखायला क्षणभर लागतो, तेवढ्यात सुरुवात गिळली जाते. तू “ऊर्ध्वमूलम्” म्हणतेस किंवा म्हणतोस, ताईंना “र्ध्वमूलम्” ऐकू येतं आणि दीर्घ ऊ नीट म्हण म्हणून दुरुस्ती होते. उपाय सोपा. अनम्यूट केलं की आधी स्वतःचं नाव सांग, अर्धा श्वास घे, आणि लगेच सुरू कर. नाव गिळलं गेलं तरी हरकत नाही. शेवटी “झालं” म्हण. समोरासमोर ताईंना तुझा चेहरा दिसतो. इथे शांतता म्हणजे तू संपवलंस, अडलंस, की कॉल गेला, हे त्यांनी कसं ओळखायचं? अडलं तर “सांगा” एवढाच शब्द.

उच्चारांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण फोन इथे फसवतो. साध्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. ‘स’ची सळसळ बरीचशी 4000 च्या वर असते. त्यामुळे “सर्वस्य चाहं हृदि सन्निविष्टो” ऐकताना स आहे की फ, असा संशय येतो. म्हणून कानाने ऐकलेलं तसंच घोकू नकोस. छापील प्रत समोर हवीच, मोठ्या टाइपातली, श्लोक आणि चरणांचे आकडे पेन्सिलीने घातलेली. शंका विचारताना “तो स की श?” असं विचारलंस तर दोन्ही सारखेच ऐकू जातील. दंत्य, तालव्य की मूर्धन्य, असं विचार. आणि जागा सांगताना “ते पानांचं आहे ना, तिथे” नको. “श्लोक 1, चरण 3” म्हण.

फोन लपवतो अशा दोन मराठी सवयी आहेत, त्या तुझ्या तुलाच धराव्या लागतील. पहिली, शब्दाच्या शेवटचा ‘अ’ खाण्याची. “यस्तं वेद स वेदवित्” यात आठ अक्षरं आहेत. यस्, तं, वे, द, स, वे, द, वित्: बोटं मोज. आपण सवयीने पहिलं “वेद्” म्हणतो आणि चरण सातचा होतो. ताईंना चाल लंगडली एवढंच कळतं, कुठे ते नेहमी कळत नाही. दुसरी, ‘च’ची. “अक्षरादपि चोत्तमः” मधला चो आपण चोरातला म्हणतो. संस्कृतात तो चहातला हवा, सगळीकडेच. शिवाय दोन ते पाच आणि पंधरावा हे श्लोक अनुष्टुभाचे नाहीत, चरणाला बहुतेक अकरा अक्षरांचे आहेत. श्वासाची जागा बदलते. तिथे आधीच खूण करून ठेव, नंबर आल्यावर चाल शोधत बसू नकोस.

ब्रिज कधीमधी बंद पडतो. तेव्हा ताई साध्या मोबाईलवरून कॉल जोडतात, त्यात बहुतेक फोनवर त्यांच्याशिवाय पाचजणच मावतात. अशा दिवशी तुला फोन येईल, तू लावायचा नाही. आणि ताईंचा कॉल तुटला की सगळ्यांचाच तुटतो, तेव्हा घाबरून पाचजणांनी त्यांना एकदम फोन करू नये. सगळ्यांनाच एंगेज लागतो.

वर्गात न्यूजर्सीच्या एक मावशी असतील तर वेळेचं लक्षात ठेव. आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्यांच्याकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्या आठवड्यात त्या तासभर आधी किंवा उशिरा उगवतात आणि रिकाम्या लाइनवर वाट बघतात. आदल्या दिवशी एक मेसेज टाकलास तर बरं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर ताईंना आणि वर्गाला आधी विचार. त्यात इतरांच्या चुकाही असतात. मिळालं तरी ते पुढे पाठवू नकोस.

सोमवारी 7 वाजून 25 मिनिटांनी लाइनवर ये, मिक्सर आणि कुकरची वेळ घरात आधी ठरवून. तास संपला की सगळे एकदम अनम्यूट करून नमस्कार म्हणतात आणि कोणाचंच काही कळत नाही. ते चालतं. त्यानंतर लाल बटण खरोखर दाबलं गेलंय का ते बघ. ब्रिज आपण होऊन लगेच बंद होत नाही, आणि तू अनम्यूटच असशील.