आखाजीला साल कुणाचं ठरतं?

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आखाजीला मुली माहेरी येतात, म्हणजे उरलेलं वर्ष त्यांना सुटीच नाही? लग्न असंच असतं का?" मी विषय बदलला. प्रश्न लागला होता.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोके बांधतात, सासुरवाशिणी येतात. त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल संपून नवं ठरतं. जिभाऊंच्या ओट्यावर सगळं मोकळं बोललं जायचं: रोख किती, ज्वारी किती, आगाऊ उचल किती, कामाला खाडा पडला तर पैसे कापायचे की दिवस भरून घ्यायचा. नाही पटलं तर सालदार दुसरं घर बघायचा. उचल फिटली नसेल तर मात्र तोही अडकायचा, हेही खरं.

सुनेचं असं काही ठरत नसे. लहानपणी मला फक्त झोके दिसायचे.

झोक्यावरच्या लेकींसाठी मांडे करायला मोठ्या काकू चुलीशी. पीठ वस्त्रगाळ, कणीक भरपूर मळून मुरवलेली; मुरली नाही तर मांडा आखडतो. पुरणात डाळीची एक कणी राहिली तरी तिथेच फाटतो. दोन पुऱ्यांमध्ये पुरण, कडा दाबून, जरा लाटून मग हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या मातीच्या खापरावर टाकायचा. जाळ चढला की करपतो. म्हणून चुलीशी दोघी लागतात, एक मांड्याला आणि एक जाळाला. काकूंचं स्वतःचं माहेर त्यापायी चार दिवस पुढे जायचं. त्यांना कुणी विचारत नसे. त्यात माया नव्हती असं मात्र मला म्हणवत नाही. आत्यांना वर्षातून एकदा कुणीतरी गरम वाढायचं, तेही मी पाहिलंय.

आणि त्याच आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, तरी माहेर तुटू नये म्हणून.

तू लग्न करावंस म्हणून हे लिहीत नाही. केलंस तर सालासारखं बोलून घे. एकाच्या नोकरीसाठी दुसऱ्याने गाव सोडलं, तर किती वर्षांसाठी आणि पुढची पाळी कुणाची? घरखर्च एका खात्यातून करा, पण स्वतःचं खातं दोघांचंही राहू दे. दोघांच्या आईवडिलांकडे किती दिवस, आजारपणात रजा कोण टाकणार, हेही बोला. दर आखाजीला पुन्हा बसा, कारण पगार, तब्येत, मूल, सगळं बदलतं. जास्त कोण सोसतंय ते बोलल्याशिवाय कळत नाही. तुझे बाबा आणि मी हे फार उशिरा सुरू केलं.

इथे खापर नाही, मी कढई उलटी घालून मांडे करते. निम्मे फाटतात. या आखाजीला जाळ सांभाळायला येशील का? कामं असतील तर नाही म्हण.

तुझी आई