केलेले पाप आणि लागलेले पाप

ख्रिस्ती धर्मातल्या ‘ओरिजिनल सिन’ला, म्हणजे आदामापासून सर्व माणसांना लागलेल्या पापाला, मराठीत आदिपाप म्हणावे, मूळ पाप की जन्मपाप, आणि त्याचा अर्थ स्त्रीपुरुष संबंध असा आहे का, असे विचारले आहे.

दुसरे आधी. नाही! बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा मनाई केलेले फळ खातात, बस. तिथे ‘पाप’ हा शब्दसुद्धा नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन याच्या गोष्टीत.

माझी चीड वेगळीच आहे. ‘या धोरणाचे मूळ पाप अमक्या निर्णयात आहे’ असली वाक्ये सतत कानावर येतात. म्हणायचे असते ‘पहिली चूक’. मग तेच म्हणा. ही संज्ञा पहिल्या चुकीची नाही, ज्याने काहीच केले नाही त्याच्याबद्दलची आहे. तान्ह्या मुलाच्या माथी पाप कसे, हाच तर सगळा वाद.

ही संज्ञा रूढ केली ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने, इ. स. ३९६च्या सुमारास, लॅटिनमध्ये : ‘पेक्कातुम ओरिगिनाले’. यातला ‘ओरिगो’ आला ‘ओरिरी’वरून, आणि ‘ओरिरी’ म्हणजे उगवणे, उपजणे. सूर्य उगवतो ती दिशा ‘ओरिएन्स’, तीही याच धातूची. म्हणजे मराठीत सरळ ‘उपजत पाप’! ‘उत्पद्यते’चे प्राकृतात ‘उप्पज्जइ’ झाले आणि आपल्याकडे ‘उपजणे’. इतका नेमका शब्द घरात असताना आपण संस्कृत जोड शोधत बसलो.

‘उपजत म्हटले की तो स्वभावच ठरतो, आणि चर्च तर मूळ स्वभाव चांगला मानते’ असा आक्षेप घेतात. पण उपजत कोणाला? आदामाला नव्हे. त्याने ते केले. उपजत आहे ते त्याच्या वंशजांना. दोहोंना एकच ‘आदिपाप’ लावणारे कोशकार हा फरक पुसून टाकतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही.

मराठीत हा फरक क्रियापदातच आहे : पाप ‘करतात’ आणि पाप ‘लागते’. १९९२च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातही हेच आहे : हे पाप केलेले नाही, लागलेले आहे, कृती नाही, अवस्था आहे.

लागते कसे, यावर मात्र शतके भांडण चालले. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (५:१२) प्रेषित पौलाचे ग्रीक ‘एफ हो’ आहे, बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘कारण सर्वांनी पाप केले’. लॅटिनमध्ये त्याचे झाले ‘इन क्वो’, ‘ज्याच्यात’. ऑगस्टीनने वाचले : आदामात सर्वांनी पाप केले. एका विभक्तीवर केवढा डोलारा! पौर्वात्य (ऑर्थोडॉक्स) चर्चने मरण वारशाने येते असे मानले, दोष नव्हे. ऑगस्टीनचा विरोधक पेलागियस, त्याला वारसाच नामंजूर. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण धिक्कारली. १५४६मध्ये ट्रेंटच्या कॅथॉलिक परिषदेने ठरवले : हे अनुकरणाने नव्हे, वंशातून येते. जर्मन भाषेने तर ‘एर्बझ्युंड’ म्हणजे वारसापाप असा शब्दच केला.

तेव्हा आदामाच्या कृतीला आदिपाप म्हणा, आपल्यातल्या अवस्थेला उपजत पाप. जन्मपाप टाळा, जन्म होणे हेच पाप असा त्याचा ध्वनी निघतो, आणि तुमचा दुसरा प्रश्न बहुधा तिथूनच आला.