ऑस्ट्रेलियात मित्रांकडे सहा आठवडे: निवांत सहल कशी आखावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर तुम्ही दोघं मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवडे इकडे येणार. कॉलेजचे मित्र मेलबर्न, ॲडलेड, कॅनबेरा आणि सिडनीला, मावसबहीण ब्रिस्बेनला. यात उलुरूचा खडक, केर्न्स आणि पर्थ बसेल का, गाडी घ्यावी की विमानानं फिरावं, आणि लोकांकडे इतके दिवस राहिलेलं बरं दिसेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीची सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. आम्ही बरीच वर्षं मेलबर्नला आहोत. आमच्याकडे पाहुणे येतात आणि आम्हीही इथल्या मित्रांकडे जाऊन राहतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. भारतातून जुनं माणूस येऊन आठ-दहा दिवस राहणार म्हटलं की इथल्या घराला खरंच आनंद होतो. तो टिकवायचा तर मुक्काम त्या घराच्या आठवड्याकडे बघून ठरवा. इथे बहुतेक घरांत दोघंही नोकरी करतात, सकाळी सातला धावपळ सुरू होते, डबे, मुलांची शाळा, मग ऑफिस. घरकामाला बाई नसते. धुणं, झाडलोट, आठवड्याचा बाजारहाट, अंगणातलं गवत कापणं हे सगळं शनिवार-रविवारात बसवायचं असतं. पाहुणा मंगळवारी आला आणि शुक्रवारी गेला तर यजमानांना गप्पा मारायला निवांत वेळच मिळत नाही, आणि रजा टाकावी लागते ती वेगळीच.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक घरी एक पूर्ण शनिवार-रविवार मिळेल असं बघा आणि तो मित्रांच्या हवाली करा, ते नेतील तिथे जा. सोमवार ते शुक्रवार तुमचे तुम्ही फिरा आणि संध्याकाळी जेवायला घरी या. आणि एका घरून दुसऱ्या घरी जाताना मधे एक-दोन रात्री कुठेतरी स्वतःच्या खोलीत काढा. सहा आठवडे सतत दुसऱ्याच्या घरी म्हणजे तुम्हालाही सारखं नीटनेटकं, बोलतं राहावं लागतं. मधल्या त्या दोन रात्रींत नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, कपडे धुतात, उशिरा उठतात. पुढच्या घरी मग ताजेतवाने पोचता.

पर्थ, केर्न्स आणि उलुरूबद्दल स्पष्टच सांगते: या वेळी पर्थ आणि केर्न्स सोडा. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ भारताच्या दुपटीहून जास्त आहे, हे नकाशावर लक्षात येत नाही. सिडनीहून पर्थला विमानानंच साधारण पाच तास लागतात. केर्न्सकडे मार्चमध्ये पावसाळा संपलेला नसतो, आणि नोव्हेंबर ते मे तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. उलुरूची मनापासून ओढ असेल तर मेलबर्न किंवा सिडनीहून थेट विमानानं जाऊन तीन रात्री राहा. त्या खडकावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. स्थानिक अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे आणि चढू नका असं ते कित्येक वर्षं सांगत होते. पायथ्याभोवती साधारण दहा किलोमीटरची वाट आहे, ती पहाटे चाला. पण नुसतं 'बघून झालं' म्हणण्यासाठी जायचं असेल तर तेच दिवस मित्रांना द्या.

तिकीट येताना मेलबर्नचं आणि परतताना ब्रिस्बेनहून काढा, म्हणजे आलेल्या वाटेनं मागे फिरावं लागत नाही. मेलबर्न, ॲडलेड, कॅनबेरा, सिडनी, ब्रिस्बेन हा क्रम हवामानालाही धरून आहे. एप्रिलपासून दक्षिणेत गारठा वाढत जातो आणि ब्रिस्बेन तेव्हा छान होतं.

मेलबर्नला गाडी घेऊ नका. शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट आहे. आणि मार्च २०२३ पासून व्हिक्टोरिया या आमच्या राज्यातल्या लांबच्या ट्रेनच्या भाड्यालाही शहराच्या दिवसाच्या तिकिटाइतकीच कमाल मर्यादा आहे, म्हणजे तेवढ्याच पैशांत तुम्ही बेंडिगो किंवा बॅलरॅटला जाऊन येता. सोन्याच्या शोधात जग जिथे लोटलं ती ही गावं. मित्र कामावर गेले की डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी परत. मायकी हे प्रवासाचं कार्ड एवढं लागेल. एमसीजी हे क्रिकेटचं मैदान आतून दाखवतात, क्रिकेटवेडे असाल तर चुकवू नका. स्वेटर मात्र रोज बरोबर ठेवा, इथे एका दिवसात चार ऋतू होतात.

मेलबर्न ते ॲडलेड ही मधली वाट गाडीनं करा आणि तिला चार दिवस द्या. सरळ रस्त्यानं हे अंतर सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसात उरकणारे लोक आहेत, पण या पूर्ण सहलीत मला सगळ्यात जास्त जीव लावणारा तुकडा हाच आहे. तुम्ही टॉर्कीहून ग्रेट ओशन रोडला लागा. पश्चिमेकडे जाताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो. इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे थांबायच्या जागा तुमच्याच बाजूला येतात, रस्ता ओलांडावा लागत नाही. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्यानं खोदला, युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. लॉर्न किंवा अपोलो बे इथे पहिली रात्र करा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ट्वेल्व्ह अपॉसल्स (बारा प्रेषित) या समुद्रातल्या सुळक्यांपाशी पोचा, मेलबर्नहून एका दिवसाच्या सहलीच्या बस येतात त्याआधी. नाव बाराचं असलं तरी आता आठच सुळके उभे आहेत, एक २००५ मध्ये कोसळला. खडक चुनखडीचा, लाटा त्याला रोज खातात.

तिथून जवळच लॉक आर्ड गॉर्ज आहे, तिथे खाली वाळूपर्यंत उतरा. १८७८ मध्ये लॉक आर्ड नावाचं जहाज इथे फुटलं. चोपन्न माणसांपैकी दोघंच वाचली: टॉम पिअर्स हा कोवळ्या वयाचा खलाशी आणि एव्हा कारमायकल ही मुलगी. तो आधी किनाऱ्याला लागला, तिच्या हाका ऐकून पुन्हा पाण्यात शिरला आणि तिला ओढत आणलं. तिचे आईवडील आणि भावंडं त्याच जहाजावर बुडाली. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे चिंचोळी फट आणि तिच्यातून आत घुसणारं पाणी. वाळूवर उभं राहून त्या फटीकडे पाहिलं की त्या मुलानं काय केलं ते अंगावर येतं. बहुतेक बस वरून फोटो काढून निघून जातात. तुमच्याकडे वेळ आहे, तो इथे घालवा.

पुढे वॉर्नंबूलजवळ टॉवर हिल आहे, निद्रिस्त ज्वालामुखीच्या पोटात झाडी आणि तिच्यात मोकळे फिरणारे इमू. कोआला दिसायचा तर वर फांद्यांच्या बेचक्यात बघत चला. माउंट गँबिअरला ब्लू लेक नावाचं विवर-सरोवर आहे. हिवाळ्यात करडं असणारं पाणी डिसेंबर ते मार्च अक्षरशः निळंशार होतं. मार्चच्या शेवटाआधी पोचलात तर दिसेल. गाव पिण्याचं पाणी याच सरोवरातून घेतं.

या वाटेवर दोन गोष्टी सांभाळा. व्हिक्टोरियातून साउथ ऑस्ट्रेलियात फळं नेता येत नाहीत, फळमाशीमुळे. सीमेजवळ पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात टाका किंवा आधीच खाऊन संपवा. पकडलं तर दंड होतो. दुसरं, दिवस कलल्यावर गावाबाहेर गाडी चालवू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात रात्री गावाबाहेरचा अपघात कित्येकदा धरत नाहीत. करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचा. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर जादा आकार पडतो, तो धरूनच भाव विचारा. ॲडलेडला घड्याळ अर्धा तास मागे घ्यायचं लक्षात ठेवा.

ॲडलेड छोटं, सपाट, चारी बाजूंनी बागांनी वेढलेलं. इथे काही न करणं जमतं. सकाळी सेंट्रल मार्केट, दुपारी ट्रामनं ग्लेनेल्गचा किनारा. क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन आयुष्याची साठाहून जास्त वर्षं याच शहरात राहिले. ॲडलेड ओव्हलवर त्यांच्या वस्तूंचं दालन आहे आणि १९११ चा हातानं चालणारा धावफलक अजून चालू आहे.

ॲडलेडहून कॅनबेराला विमानानं जा. कॅनबेरा कंटाळवाणं आहे असं तुम्हाला अनेक जण सांगतील. मला ते अजिबात पटत नाही, विशेषतः एप्रिलमध्ये, जेव्हा तिथली झाडं लाल-पिवळी होतात. संग्रहालयं आणि संसद बघायला पैसे पडत नाहीत. माउंट एन्स्लीवर गेलात की युद्धस्मारक, ॲन्झॅक परेड हा रुंद रस्ता, तळं आणि पलीकडे जुनी-नवी संसद एका सरळ रेषेत दिसतात. ही आखणी वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन या जोडप्याची, १९१२ च्या स्पर्धेतली. हेच वॉल्टर पुढे १९३५ मध्ये कामासाठी लखनौला गेले, १९३७ मध्ये तिथेच वारले आणि तिथेच त्यांचं दफन झालं. कॅनबेराहून सिडनीला जाताना बावरलला उतरा. ब्रॅडमन लहानाचे मोठे झाले ते गाव, संग्रहालयही आहे. मधली एक रात्र तिथे करा.

सिडनीत बँकेचं कार्ड टेकवून बस, ट्रेन, फेरी सगळं चालतं, दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज बघायचा तर सर्क्युलर कीहून मॅन्लीची साधी फेरी घ्या, अर्ध्या तासात सगळं बंदर समोरून जातं. महागड्या बोटीची गरज नाही. ब्लू माउंटन्सला कटूम्बापर्यंत ट्रेन जाते, साधारण दोन तास. शनिवार-रविवारी मित्र गाडी काढणार असतील तर दक्षिणेकडे हेलेन्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात जा, मग बाल्ड हिलवरून समुद्र बघून सी क्लिफ ब्रिजवर या. तो पूल किनाऱ्याला समांतर, पाण्यावरून वळत जातो आणि त्यावरून पायी चालता येतं. एकदा तरी चाला.

ब्रिस्बेनबद्दल कमी लिहिते, कारण तिथे बहिणीकडे नुसतं राहायचं आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिथला सार्वजनिक प्रवास ५० सेंटचा झाला, त्यात नदीवरची सिटीकॅट बोटही येते. संध्याकाळी दोघी बहिणींनी बोटीत बसून गप्पा माराव्यात, तुम्ही बाहेर बघत बसा.

आता घरात राहण्याबद्दल. फोडणी करण्याआधी चुलीवरचा पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म सगळं घर डोक्यावर घेतो. कचऱ्याचे डबे कुठल्या रंगाचे कशासाठी आणि कुठल्या रात्री रस्त्यावर ठेवायचे ते पहिल्याच दिवशी विचारा आणि ते काम अंगावर घ्या. एका संध्याकाळी स्वयंपाक तुमचा, हे येतानाच सांगून टाका. ऑफिसातून दमून आल्यावर कुणीतरी पिठलं-भात वाढून दिला तर इथल्या मुलीला माहेरी आल्यासारखं वाटतं. आम्हाला तरी वाटतं. आठवड्याच्या किराण्याचे पैसे एकदा दुकानातच देऊन टाका. घरी दिलेत तर कुणी घेणार नाही.

भेटवस्तूंत खाऊचा भार ठेवू नका. ज्वारीचं पीठ, पोहे, लोणची, सगळं इथे भारतीय दुकानांत मिळतं. मराठी पुस्तकं, दिवाळी अंक आणि साड्या आणा, हे सगळं इथे सहज मिळत नाही. पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाई, ताजी फळं, कढीलिंब, बी-बियाणं चालत नाही. गोडा मसाला कंपनीच्या सीलबंद पाकिटातला आणा आणि विमानातल्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नाला 'हो' लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर भारी दंड होतो. औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात. प्रवास विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका, इथला साधा दवाखानाही पाहुण्यांना महाग पडतो. आणि समुद्रात उतरायचं ते फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, जिथे जीवरक्षक उभे असतात. पाणी गुडघाभर दिसलं तरी आत समुद्रात खेचणारी ओढ जबरदस्त असते आणि दर उन्हाळ्यात इथे माणसं बुडून मरतात. हे मी कळकळीनं सांगतेय.

तारखा पक्क्या करण्याआधी पाचही घरी एक निरोप पाठवा: ईस्टरला तुम्ही कुठे आहात, आणि शाळेच्या सुट्या कधी आहेत? सुट्या प्रत्येक राज्यात वेगळ्या पडतात. ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत लोक घर बंद करून बाहेर पडतात, किनाऱ्यावरच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. त्या चार दिवसांत कुठल्या घरी असणार ते आधी ठरवा, ग्रेट ओशन रोडचे दिवस त्यापासून लांब ठेवा आणि मगच तिकिटं काढा.