क्रँकचं ऑइल सील बदलताना घासलेलं बेअरिंगही बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल आहे, मॅग्नेटच्या (क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या, टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) बाजूचं क्रँक सील गेलंय, ते बाहेरूनच निघतं, पण मॅग्नेट हलवला तर 'थोडा प्ले', म्हणजे ढिलेपणा, लागतो. मग नुसतं सील बदलून भागेल, की बेअरिंगसाठी अख्खं इंजिन खोलायचं?

तो प्ले वर-खाली असेल तर खोला. नवीन सील बसवून गाडी चार दिवस बरी चालेल, पण दुखणं तिथेच राहील.

सीलची लिप म्हणजे रबराची पातळ कड. मागच्या बारीक गोल स्प्रिंगमुळे ती शाफ्टला चिकटून राहते. शाफ्ट जागच्या जागी फिरतोय तोवर तिचं काम चोख. बेअरिंग घासलं की शाफ्ट फिरता फिरता हेलकावे खातो. 5000 आरपीएमला क्रँक सेकंदाला ऐंशीहून जास्त फेरे घेतो. इतक्या वेगात रबर त्या हेलकाव्यामागे धावू शकत नाही. एका बाजूला फट पडते, दुसऱ्या बाजूला लिप घासून निघते. म्हणून सील गेलेलं दिसलं की मी आधी त्याच्या मागचं बेअरिंग तपासतो.

टू-स्ट्रोकमध्ये ही गळती जमिनीवरच्या तेलाच्या डागापुरती नसते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि मॅग्नेटच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इंजिनचं ऑइल पेट्रोलबरोबरच आत जात असल्यामुळे त्या जादा हवेच्या मानाने ऑइलही कमी पडतं. थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा वेग लवकर खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो, आणि दुर्लक्ष केलं तर एक दिवस लांबच्या चढावर पिस्टन जाम होतो. बेअरिंगचं वंगणही तेच ऑइल, त्यामुळे ते आणखी लवकर घासतं. (क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं: धूर वाढतो, प्लग ओला होतो, गिअर ऑइलची पातळी उतरते.)

आता तुमचा 'थोडा प्ले'. मॅग्नेट दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि वर-खाली उचलून बघा. मग आत-बाहेर ओढून बघा. आत-बाहेर किंचित सरकत असेल तर घाबरू नका. बॉल बेअरिंगमध्ये आणि क्रँकच्या बैठकीत तेवढी मोकळीक असतेच. वर-खाली 'टक' असं हाताला लागलं तर मात्र बेअरिंग संपलं. क्रँकला सहसा सी-3 मोकळीकीचं, म्हणजे साध्यापेक्षा आतून जरा सैल, बेअरिंग असतं. 20 मिमी शाफ्टच्या सी-3 बेअरिंगची आतली मोकळीक नवं असताना 0.013 ते 0.028 मिमी, आणि शाफ्टवर घट्ट बसल्यावर त्याहूनही कमी. हाताला स्पष्ट टक लागते म्हणजे प्रकरण याच्या बरंच पुढे गेलंय. उलट, नवं सी-3 बेअरिंग हातात घेऊन हलवलं तर ते ढिलं वाटतं. त्यावरून ते खराब ठरवून दुकानात परत करू नका.

आणखी दोन खुणा बघा. मॅग्नेटच्या आतल्या बाजूला किंवा कॉइलच्या टोकांवर घासल्याचे चकचकीत ओरखडे असतील, तर क्रँक डोलतोय यात शंका नको. पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन असेल आणि पॉइंटची गॅप लावूनही टिकत नसेल, तर त्याचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं. शेवटी प्लग काढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि मॅग्नेट हळूहळू हाताने फिरवा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली, तर प्ले नसला तरी बेअरिंग गेलं समजा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनात गोळ्यांवर आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यांवर) गंजाचे खळगे पडतात, ते असे जाणवतात.

यातलं काहीच आढळलं नाही, तर इंजिन खोलू नका. जुन्या सीलचं रबर नुसत्या वयानेही कडक होतं, बेअरिंगचा दोष असलाच पाहिजे असं नाही. नीट बसलेला क्रँक विनाकारण बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही. चुकीचा पुलर लावला किंवा हातोडीचा एक घाव बसला तरी क्रँकची सरळ रेषा बिघडते, आणि मग ती प्रेसवर आणि डायल गेजवर पुन्हा जुळवावी लागते.

पण क्रँककेस उघडलीच, तर दोन्ही बेअरिंग आणि दोन्ही सील बदला. इथे घासाघीस नको. क्रँक ओढून काढताना जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि रेसवर बारीक डाग उमटतात. असं बेअरिंग परत घातलं तर थोड्याच दिवसांत आवाज करायला लागतं. जुन्यावरचा नंबर आणि सी-3 हा शिक्का दोन्ही जुळवूनच नवं घ्या. दुकानदार बिनधास्त साधं देतो.

बसवताना ठोकू नका, केस तापवा. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. 6304 नंबरच्या बेअरिंगचं 52 मिमीचं घर 80 अंशांनी तापलं की सुमारे 0.1 मिमीने मोठं होतं आणि थंड बेअरिंग जवळपास आपोआप आत उतरतं. केस सगळीकडून सारखी तापवा. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नका. त्याच वेळी कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) बघा. तिथे बाजूचा हेलकावा चालतो, उभा प्ले अजिबात नको.

शाफ्टवर सीलने चर पाडलाय का, तेही नखाने तपासा. नख अडकत असेल तर नवी लिपही त्याच चरात बसणार. सीलच्या खोबणीत जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवा, नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या. लिपला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवा, आणि शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप गुंडाळूनच सील सरकवा. त्या खाचेची धार नवी लिप कापते.

खोलण्याआधी एक काम जरूर करा. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराने बंद करून हातपंपाने सुमारे 0.4 बार हवा भरा. जास्त नको, सील बाहेर उडेल. मग साबणाचं पाणी लावा. कधी कधी बुडबुडे सीलपाशी न येता सिलिंडरखालच्या गॅस्केटपाशी येतात, आणि मग सगळा विचारच बदलतो. जोडून झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्या. तेव्हा क्रँक हाताला जड फिरत असेल, तर शाफ्टच्या टोकावर मऊ हातोडीने हलकेच टकटक करा. बेअरिंगवर बाजूने पडलेला ताण सुटतो. तरीही मोकळा फिरला नाही, तर किक मारू नका, पुन्हा उघडा.

वर-खाली हलवून काय लागलं ते इथेच खाली लिहा, गाडीचं मॉडेलही सांगा. काही इंजिनांत सील बेअरिंगच्या आतल्या बाजूला असतं, आणि तिथे सीलसाठीसुद्धा केस उघडावीच लागते.